शनी मीनेत आलाय: तुमच्या १९९६-९८ च्या आठवणी लिहा (साडेसाती, अष्टम शनी, सगळंच)

उत्तराभाद्रपदा
१४ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. कालपासून शनी वक्री झालाय (आकाशात उलटा सरकताना दिसतोय) आणि घरात, व्हॉट्सअॅपवर, भिशीत सगळीकडे परत तोच विषय सुरू झालाय म्हणून शेवटी धागा काढतेय. खरं तर २९ मार्चला तो कुंभेतून मीनेत गेला तेव्हाच काढायचा होता पण त्या दिवशी इतकं सगळं एकत्र आलं होतं की कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शनिवार, त्यात अमावस्या, त्यात सूर्यग्रहण (आपल्याकडे दिसणारच नव्हतं तरी लोकांनी स्वयंपाक टाकून दिले), मीनेत एकदम सहा ग्रह, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्या कॉलनीत दोन घरांत गुढी उभारायची का नाही यावर वाद झाला, खरंच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी पटकन: शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. आपल्या चंद्रराशीच्या आधीची रास, आपली रास आणि पुढची रास या तिन्ही मिळून साडेसात वर्षं, तीच साडेसाती. म्हणून आत्ता कुंभेचा शेवटचा टप्पा, मीनेचा मधला आणि मेषेचा पहिला. मकर सुटली. सिंहेला अष्टम शनी (म्हणजे राशीपासून आठवा), धनूला चौथा. कर्क आणि वृश्चिक सुटल्या. वृषभ, तूळ, मकर या तिघांना तो अकरावा, सहावा, तिसरा येतो म्हणजे शास्त्राप्रमाणे चांगला. हे एवढं तर कॅलेंडरच्या मागेही असतं.

मला भविष्य नकोय, मला मागचं हवंय. याआधी शनी मीनेत होता तो फेब्रुवारी १९९६ ते एप्रिल १९९८. (जून ९५ मध्ये एकदा येऊन गेला होता पण ऑगस्टात वक्री होऊन परत कुंभेत.) ज्यांना ती वर्षं आठवतात त्यांनी आपली चंद्ररास लिहून तेव्हा काय झालं ते लिहा. चांगलं झालं असेल तर तेही लिहा, नुसतं वाईट नको. डायरी, वही, पासबुक असं काही हाताशी असेल तर फारच उत्तम कारण आठवण आपल्याला हवी तशी वळते.

माझं आधी सांगते. मीन रास, चंद्र ११ अंशावर. तेव्हा मी इचलकरंजीत, १७-१८ वर्षांची. ९७ ला बारावी. वडील यंत्रमागावर जॉबर होते, तो कारखाना त्याच वर्षी बंद झाला, पाठोपाठ त्यांना हार्टचा त्रास, माझं सायन्स सुटलं, मी शिवणाच्या दुकानात बसायला लागले आणि कॉमर्स बाहेरून केलं. आज माझा धंदा शिवणाचाच आहे आणि चांगला चालतो, पण ती दोन वर्षं आठवली तरी अजून पोटात गोळा येतो.

पंचांगवाला_सोलापूर
१४ जुलै

चांगला धागा. एक भर घालतो, कारण तारखेवरून लोक भांडतात.

२९ मार्च ही चित्रापक्षाच्या (चित्रा ताऱ्यावरून राशी मोजणाऱ्या पद्धतीच्या) अयनांशाने, म्हणजे राशी कुठून मोजायच्या त्या फरकाने, येणारी तारीख, दाते, कालनिर्णय वगैरे सगळे तेच धरतात. टिळक पंचांगात अयनांश साधारण ४ अंशांनी कमी धरतात त्यामुळे तिकडे शनी महिनाभर आधीच मीनेत गेलेला दिसेल. कोकणात बऱ्याच घरांत टिळक पंचांगच चालतं, त्यांनी गोंधळून जाऊ नये. आणि तमिळनाडूत वाक्य पंचांग (तिकडचं जुन्या सूत्रांवरचं पंचांग) मानणारे अजून शनी कुंभेतच आहे म्हणतात, तिरुनल्लारच्या शनीच्या देवळाने तर यंदा सांगूनच टाकलं की आमची शनी पेयर्ची (शनीचं राश्यंतर) २०२६ मध्ये. म्हणजे एकच शनी, आणि तीन ठिकाणी तीन तारखा. अमुक रात्री अमुक वाजता तुमचं नशीब बदलणार असं जो मिनिटासकट सांगतो त्याला आधी विचारा, कुठल्या पंचांगाने?

दुसरं म्हणजे वक्री. काल शनी मीनेच्या पावणेआठ अंशावर थांबला, आता २८ नोव्हेंबरपर्यंत मागे मागे येत एका अंशाच्याही आत जाईल आणि तिथून मार्गी (परत सरळ) होईल. उंबऱ्यापर्यंत येणार पण कुंभेत परत जाणार नाही. कुंभवाल्यांना उगाच कोणी घाबरवत असेल तर हे दाखवा.

मीनेची_मावशी
१५ जुलै

मला टायपिंग जमत नाही फार, नातवाने मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझा जन्म ६३ चा रास मीन नक्षत्र रेवती. म्हणजे ६६ च्या सुमाराला शनी मीनेत होता तेव्हा मी तीन वर्षांची, त्यातलं काही आठवत नाही, आई म्हणायची तुला गोवर झालेला तेवढंच. दुसरी वेळ ९६ ची, मी ३३ ची. यांची रास मेष, म्हणजे माझी संपेपर्यंत यांची चालूच, घरात एकूण दहा वर्षं साडेसाती, सासूबाई दर शनिवारी मारुतीला रुईची माळ आणि तेल चुकवायच्या नाहीत. आता नवल ऐका, आमचं सांगलीचं घर ९७ साली झालं. साडेसातीत. सगळे म्हणत होते पाया खणू नका, यांनी ऐकलं नाही कारण बँकेचं कर्ज मंजूर झालेलं आणि सिमेंट महाग व्हायच्या आत घ्यायचं होतं. त्रास झाला, झाला नाही असं नाही, गवंडी अर्ध्यात सोडून गेला, यांची बदली जतला झाली, मी दोन लहान पोरं घेऊन पत्र्याच्या शेडात राहून भिंतींवर पाणी मारायचे सकाळ संध्याकाळ. पण घर उभं राहिलं ते आज २८ वर्षं झाली, २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यात पाणी शिरलं तरी भिंतीला तडा नाही. आता ही तिसरी. यावेळी गुडघे आहेत आणि हे नाहीत. शनीला मी वाईट म्हणणार नाही, तो काम करून घेतो.

मेष_सातारा
१६ जुलै

ताई, मावशी, मला प्लीज मदत करा. माझं लग्न डिसेंबरात ठरलंय. माझी रास मेष. मुलीकडच्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले मुलाची साडेसाती मार्चमध्ये सुरू झाली आहे, शिवाय शनीचा पाया लोखंडाचा आहे, २१ हजारांची शांती करा नाहीतर अडीच वर्षं थांबा. आम्ही दोघं एकमेकांना चार वर्षं ओळखतो. तिची आई रडतेय, माझी आई चिडलीय, मला यातलं काहीच कळत नाही, मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे.

उत्तराभाद्रपदा
१६ जुलै

दादा, घाबरू नका, नीट वाचा आणि तिच्या आईलाही वाचून दाखवा.

लोखंडाचा पाया म्हणजे काय तर शनी राशीत शिरला त्या क्षणी चंद्र तुमच्या राशीपासून कितवा होता ते बघतात. त्या रात्री चंद्र मीनेत होता, मेषेपासून मीन बारावी, म्हणून लोहपाद. हे खरं आहे, गुरुजी खोटं बोलले नाहीत. पण मेषेच्या सगळ्याच माणसांना तो लागू होतो, तुमच्या एकट्याच्या कपाळावर लिहिलेला नाही. आणि हा एकच नियम नाही. तुमच्या जन्मपत्रिकेत शनी कुठे आहे, महादशा कोणाची, शनीच्या अष्टकवर्गात (प्रत्येक राशीला बिंदू म्हणजे गुण द्यायची पद्धत) मीनेला किती बिंदू मिळालेत (चार किंवा जास्त असतील तर हाच शनी बरी फळं देतो), हे काही न बघता नुसत्या राशीवरून आकडा सांगणं हे शास्त्रालाही धरून नाही.

आणि अडीच वर्षं थांबा हे तर मला अजिबातच समजलं नाही. शनी मेषेत जाणार ३ जून २०२७ ला. म्हणजे थांबून तुम्ही कुठे पोचणार? शनी तुमच्या चंद्राच्याच राशीत, साडेसातीच्या मधल्या टप्प्यात, आणि मेष ही शनीची नीच रास. ज्या हिशोबाने त्यांनी घाबरवलं त्याच हिशोबाने थांबणं जास्त वाईट आहे! आत्ताचा बारावा शनी म्हणजे खर्च, प्रवास, झोपेच्या तक्रारी असं सांगितलंय. डिसेंबरात लग्न म्हणजे खर्च होणारच आहे की.

मनाला बरं वाटावं म्हणून काही करायचं असेल तर शनिवारी मारुतीला जा, तेल घाला, नीलांजनसमाभासं हा शनीचा श्लोक म्हणा. २१ हजार मंगळसूत्राला लावा.

मीनेची_मावशी
१६ जुलै

बाळा मेष सातारा, आमच्या ह्यांचं आणि माझं लग्न झालं तेव्हा कोणाची काय चालू होतं ते बघितलंही नव्हतं, फक्त हुंडा नको एवढंच बघितलं होतं माझ्या वडिलांनी. ३५ वर्षं संसार झाला. मुलीच्या आईला माझा नमस्कार सांग आणि सांग एक म्हातारी सांगलीहून म्हणतेय लग्न करून टाका.

परदेशस्थ_पुणेकर
१७ जुलै

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे ऑफिसात एक जण वेस्टर्न अॅस्ट्रॉलॉजीवाली आहे, ती म्हणते शनी मेषेत गेलाय २५ मे ला आणि १ सप्टेंबरला परत मीनेत येणार. आई फोनवर म्हणते मीनेत. मी मेष राशीचा, मला दोन्हीकडून धोका सांगतायत. खरं कोण?

पंचांगवाला_सोलापूर
१७ जुलै

दोघी आपापल्या जागी बरोबर. त्या सायन मोजतात, म्हणजे वसंत संपातापासून. आपण निरयन मोजतो, ताऱ्यांच्या संदर्भाने. संपात दरवर्षी जवळजवळ ५० विकला मागे सरकतो, ७२ वर्षांत एक अंश, असं साचत साचत आज चित्रापक्षाने २४ अंशांहून थोडा जास्त फरक आहे. म्हणून त्यांचा शनी मेषेच्या दीड-दोन अंशावर तर आपला मीनेच्या साडेसात अंशावर, आकाशात जागा एकच. आणखी एक, तुमची रास मेष म्हणजे चंद्ररास ना? त्या बाई बहुधा सूर्यरास धरत असतील. दोन वेगळ्या पद्धती एकत्र केल्या की माणूस कायम संकटातच राहतो, एक धरा.

दुर्बीणवाला
१८ जुलै

मी आकाशनिरीक्षणवाला, ज्योतिष मानत नाही हे आधीच सांगतो, पण हा धागा मनापासून वाचतोय कारण इथे लोक अंशात बोलतायत, निदान शनी आकाशात कुठे आहे ते माहीत आहे. आजकाल मध्यरात्रीच्या आसपास पूर्वेला उगवतो, पहाटे डोक्यावर येतो, गच्चीवर जाऊन बघा. यावर्षी २३ मार्चला त्याची कडी आपल्याला अगदी आडवी, धारेवर आली होती, अशी वेळ साधारण १५ वर्षांनी येते. आत्ताही दुर्बिणीतून कडी बारीक रेघेसारखीच दिसतात.

वक्रीचं सांगायचं तर शनी मागेबिगे जात नाही. पृथ्वी आतल्या मार्गावरून जोरात जाते, शनीला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, आपण त्याला ओव्हरटेक करतो तेव्हा तो मागे सरकल्यासारखा वाटतो, जशी लोकलमधून शेजारची स्लो गाडी मागे जाताना दिसते.

दोन महिन्यांपूर्वी नारळीकर सर गेले. त्यांनी दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर केलेली चाचणी इथे सांगावीशी वाटते. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या, कुठली कोणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. २००९ मध्ये निष्कर्ष छापूनही आले.

उत्तराभाद्रपदा ताई, राग मानू नका, पण एक प्रश्न मनात आला. कारखाना बंद झाला तेव्हा तिथे बाराही राशींची माणसं कामाला असणार. तुमच्या वडिलांची रास कोणती होती?

उत्तराभाद्रपदा
२० जुलै

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण हाच प्रश्न मला इथे यायला हवा होता आणि आला तेव्हा लिहिता येईना.

त्या चाचणीबद्दल आधी. ती पत्रिकेवरून बुद्धी ओळखायची होती, गोचराची (ग्रहांच्या चालू भ्रमणाची) नव्हती, पण तेवढं म्हणून मी हात झटकणार नाही, ४६ टक्के हे आम्हा अभ्यास करणाऱ्यांना टोचलंच पाहिजे.

आता वडिलांची रास. तूळ. म्हणजे ९६-९८ मध्ये त्यांना शनी सहावा होता. सहावा शनी म्हणजे शत्रूवर विजय, नोकरीत स्थैर्य, पुस्तकात असंच लिहिलंय. आणि नोकरी त्यांचीच गेली.

घरात याचं उत्तर तयार होतं. माझी आत्या. वडील दवाखान्यात होते तेव्हा बाहेरच्या बाकावर ती आईला म्हणाली, ह्याचे ग्रह चांगले आहेत गं, पोरीची साडेसाती बापाला भोवली. मी शेजारीच बसले होते, हातात डब्याची पिशवी. मुलांची साडेसाती आईबापावर येते असं आपल्याकडे अगदी सर्रास बोलतात. तिने दुष्टपणाने म्हटलं नव्हतं, ती भावासाठी घाबरली होती. पण ते वाक्य माझ्या अंगात जे शिरलं ते शिरलं. पुढे दोन वर्षं मी शनिवारी घरात हसायचे सुद्धा नाही. वडील २००४ मध्ये गेले तेव्हाही पहिला विचार तोच आला, तेव्हा तर माझी साडेसाती संपून चार वर्षं झाली होती, तरीही.

मी ज्योतिष शिकले ते यासाठी. लोकांना वाटतं आवड म्हणून. मला बघायचं होतं की असा नियम खरंच कुठे आहे का, एकाच्या चंद्रावरून जाणारा शनी दुसऱ्याचं हृदय बंद पाडतो का. वीस वर्षं शोधतेय. पत्रिकेत पितृस्थान असतं, मुलाच्या पत्रिकेवरून बापाचा विचार करतात, हे मान्य. पण त्यातून "पोरीमुळे झालं" हे कुठून आलं? ते शास्त्र नाही, तो आपला बोलण्याचा निष्काळजीपणा आहे. म्हणून कळकळीने सांगते, मूल ऐकत असताना हे वाक्य बोलू नका, आणि ऐकत नसतानाही बोलू नका.

मीनेची_मावशी
२० जुलै

अगं बाळा. वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या सासूबाई पण म्हणायच्या असं, मी पण माझ्या मुलाला एकदा म्हणालेय, आत्ता आठवलं. तो आठवीत होता. त्याला फोन करते. ताई तू म्हणालीस वही हाताशी असेल तर बघा. तुझ्या वडिलांची काही वही नाही का? तेव्हाचे पुरुष सगळं लिहून ठेवायचे, आमचे हे दूधवाल्याचे खाडे पण लिहायचे.

पंचांगवाला_सोलापूर
२१ जुलै

मावशी बरोबर म्हणतायत, वही असेल तर बघाच.

इतर मीनवाल्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. साडेसात वर्षं सारखाच त्रास असं नसतं, शनी तुमच्या चंद्राच्या अंशाजवळ येतो तो काळ खरा बघायचा. ज्यांचा चंद्र मीनेच्या १ ते ७ अंशात, त्यांच्यावरून शनी यावेळी तीनदा जातोय, सरळ, वक्री आणि परत सरळ, सगळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटोपेल. १४ ते २० अंशवाल्यांचं तसंच २०२६-२७ मध्ये. मधल्यांवरून फक्त एकदा. उत्तराताई, तुमचा ११ अंश, म्हणजे पुढच्या मार्च-एप्रिलच्या सुमाराला एकदाच. ९६-९७ मध्ये मात्र तीनदा गेला होता.

शिवाय गुरू. १८ ऑक्टोबरला तो अतिचारी (नेहमीपेक्षा वेगवान) होऊन कर्केत जातोय, उच्च राशीत, तिथून नववी दृष्टी थेट मीनेवर. ५ डिसेंबरला परत मिथुनेत येईल, मग २ जून २०२६ ला पुन्हा कर्केत आणि ३१ ऑक्टोबरला सिंहेत, त्याच दिवशी नाशिकला सिंहस्थाचं ध्वजारोहण. मोठा ग्रह रास बदलतो म्हणून आपल्याकडे अख्खी गावं हलतात, तो आनंदही आहे की. नुसती भीतीच का धरायची?

मेष_सातारा
२३ जुलै

तिच्या आईंना सगळं वाचून दाखवलं. मावशींचा निरोप दोनदा वाचायला लावला त्यांनी. शांती नाही करायची ठरलं, लग्नाच्या आधी दोन्ही घरं मिळून शनिशिंगणापूरला जाऊन येणार आहोत. तारीख तीच.

दुर्बीणवाला
२३ जुलै

अभिनंदन! उत्तराताई, तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहाल असं वाटलं नव्हतं. माझा प्रश्न मुद्दा जिंकायला होता, आता तो विचारल्याचं वेगळंच वाटतंय. वहीची वाट बघतो.

उत्तराभाद्रपदा
३ ऑगस्ट

वही सापडली. काल इचलकरंजीला गेले होते, आईच्या लोखंडी पलंगाखालच्या ट्रंकेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या चार वह्या. रॉकेलचा वास येत होता. वडिलांचं अक्षर बारीक, सगळं पेन्सिलीने.

९७ च्या वहीत मी शोधत होते ते आहेच. "कारखाना बंद, हिशेब बाकी." दवाखाना, गोळ्या. दर शनिवारी "तेल, रुई". ते माझ्यासाठी जायचे मारुतीला, मला सांगितलं नव्हतं कधी. आणि जूनमध्ये "मशीन जुने घेतले, पोरीस, हप्ता". ते शिलाई मशीन आजही माझ्या दुकानात आहे.

मग मी मागच्या वह्या काढल्या. ९२ ची दिवाळी झाल्यावर दर आठवड्याला पगाराच्या शेजारी लिहिलंय, पाळी ४, पाळी ३, "आठ माग बंद", परत पाळी ३. जानेवारी ९३ ला "मालक म्हणतात सूत परवडत नाही". म्हणजे कारखाना तेव्हापासूनच बसत चालला होता, पाच वर्षं आधी, ते घरात बोलले नाहीत एवढंच. शनी तेव्हा मकरेत होता, कुंभेत आला मार्च ९३ मध्ये. माझी साडेसाती सुरूसुद्धा झाली नव्हती.

हे मी आईच्या पलंगावर बसून पंचांगाशी तीनदा ताडून बघितलं. आई स्वयंपाकघरातून विचारत होती काय वाचतेस एवढं.

शनीवरचा माझा विश्वास यामुळे गेलेला नाही, पुढच्या मार्चमध्ये तो माझ्या ११ अंशावर येईल तेव्हा मी इथे लिहीनच काय होतंय ते. पण दुर्बीणवाले दादा, तुमचा प्रश्न योग्य होता.

आत्या आता ८१ वर्षांची आहे, कोल्हापूरला असते, ऐकू कमी येतं. पुढच्या रविवारी ९२ ची वही घेऊन जाणार आहे. जवळ बसून मोठ्याने वाचून दाखवीन.